कितीसूत्री?

"सूत्री विभाजन सुरू कर," असा हुकूम सुमेधा खरवंडीकरने सकाळपासून नवव्यांदा दिला आणि पेशीपालक यंत्राने नवव्यांदा तोच प्रश्न पडद्यावर उमटवला: 'कितीसूत्री? दहासूत्री की वीससूत्री?'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्र आत शिरल्यापासून खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत तग धरणारे भाताचे एकच वाण उरले होते, खारतांबडा. त्याचेही बी गेल्या पावसाळ्यात कोठारात कुजले. आता जगात उरली होती ती या प्रयोगशाळेतली जिवंत पेशींची एक कुपी. त्या पेशी सूत्री विभाजनाने, म्हणजे एकीच्या तशाच दोन करत, वाढवायच्या, त्यांची रोपे करायची, एवढेच काम. पण नवे यंत्र पडले अर्थचालित. त्याला बटणे नव्हती. ते शब्द ऐकायचे, त्याची फोड करायचे आणि फोडीतून जेवढे निघेल तेवढेच पेशींकडून करून घ्यायचे. आणि मराठी ते शिकले होते सरकारी परिपत्रकांवरून!

अखेर परिभाषा मंडळाचे प्राध्यापक हर्डीकर आले. शब्द बदलण्याचा अधिकार फक्त त्यांना होता आणि याची त्यांना पुरेपूर जाणीव होती.

"खरवंडीकरबाई, मुळात हा शब्दच लंगडा आहे. सूत्री म्हणजे काय हो?"

"सूत्र म्हणजे दोरा, सर. ग्रीकमध्येही मूळ शब्द दोऱ्याचाच आहे. दीडशे वर्षांपूर्वी एका जर्मन शास्त्रज्ञाने पेशी रंगवून भिंगाखाली धरली, तेव्हा त्याला दुभंगणाऱ्या पेशीत दोरे दिसले. ते काय काम करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. दिसलं ते नाव ठेवलं."

"म्हणजे अज्ञानातून आलेला शब्द!"

"असेल. पण खरी गंमत आधीच होऊन गेलेली असते. प्रत्येक दोरा आधी स्वतःची नक्कल करतो, मग दोन्हीकडे एकेक प्रत जाते. भाताचे चोवीस दोरे असले तर दोन्ही पेशींत चोवीस-चोवीसच. ती नक्कल होताना दिसत नाही, म्हणून नावात आली नाही."

"जे दिसत नाही त्याचं ओझं शब्दावर कशाला?" हर्डीकरांनी पेनाचे टोपण काढले. "दोन्हीकडे सारखं जातं ना? मग समविभाजन. सुटसुटीत, निःसंदिग्ध. लिहा."

सुमेधाने वाद घातला नाही. आठ दिवस अर्जविनंत्या करून तिचा जीव मेटाकुटीला आला होता. शब्द काहीही ठेवा, पण ते यंत्र एकदाचे हलू दे, असे तिला झाले होते.

सरावासाठी तिने आधी केळीच्या पेशी ठेवल्या. यंत्र हलले नाही. शब्द आता मंडळाचा असल्याने त्याच्या भाषिक हरकती नियमाप्रमाणे प्रयोगशाळेला न दिसता थेट मंडळाकडे जात. थोड्या वेळाने हर्डीकरांचा फोन आला.

"केळं नका घेऊ. यंत्र म्हणतंय, ते विषम आहे."

"विषम म्हणजे?"

"तेहेतीस दोरे आहेत म्हणे. हरकत रास्त आहे, माझं गणित पक्कं आहे. तुमचा भात सम आहे ना? तो घ्या."

दोरे तेहेतीस असोत की तीनशे, आधी नक्कल झाल्यावर अडचण यायचे कारणच काय? हा प्रश्न तिच्या मनात डोकावला. पण तो विचारायचा म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा बैठक, पुन्हा व्याकरण. "बरं सर," म्हणून तिने फोन ठेवला आणि खारतांबड्याची अख्खी कुपी यंत्रात रिकामी केली.

यंत्र मुकाट्याने कामाला लागले. सोमवारच्या हजार पेशी मंगळवारी दोन हजार झाल्या, बुधवारी चार, गुरुवारी आठ. कक्ष मध्येच उघडता येत नव्हता, पण पडद्यावरचा आकडा फुगत होता. कित्येक दिवसांनी सुमेधा पोटभर जेवली. हर्डीकर स्वतः कंदी पेढे घेऊन आले.

"बघा! शब्द नेमका असला की यंत्र कसं सुतासारखं सरळ येतं."

शुक्रवारी सकाळी यंत्र थांबले. त्याची हरकत नेहमीप्रमाणे हर्डीकरांच्या फोनवर आली. ती वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, भाताचे दोरे चोवीस म्हणाला होतात ना?"

"चोवीसच."

"मग हे काय लिहितंय?"

सुमेधाने फोन त्यांच्या हातून ओढूनच घेतला. चोवीस, बारा, सहा... तिने बोटांवर मोजले. विभाजन म्हणजे वाटणी. नक्कल कर, असे त्या शब्दाने यंत्राला कुठे सांगितले होते?

"सर, अहो, तुमच्या शब्दाने माझा भात वाटून टाकला!"

"पण शब्द तर बरोबर होता," हर्डीकर पुटपुटले.

फोनवर यंत्र अदबीने उत्तराची वाट पाहत होते: 'तीन सूत्रांचे दोन समान भाग होत नाहीत. एक सूत्र टाकून द्यावे काय?'