मनकाटा आणि दारातला शिपाई

डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका बंदरावर चला. नाव शंखबेट. तिथे बारा वर्षांच्या मुलांनाही मत देता येतं, कारण त्या वयात मुलं होडीवर जाऊ लागतात. मत देताना तळहात एका काचेवर ठेवायचा. काच घाम आणि नाडी वाचते. भीती फार असेल तर तांबडा दिवा लागतो आणि मत नोंदलं जात नाही. संध्याकाळपर्यंत पुन्हा यायचं. मन तोलणाऱ्या या यंत्राला बेटावरचे लोक मनकाटा म्हणत. धमकावून मतं घेणारे गुंड त्याने पार निकामी केले होते.

मग परक्या देशाचं सैन्य बेटावर उतरलं. त्यांनी निवडणूक होऊ दिली, यंत्रही तेच ठेवलं. फक्त दारात एक बंदूकधारी शिपाई उभा केला.

बारा वर्षांची रुंजी मत द्यायला आत गेली. तांबडा! तिच्या पुढचे, मागचे, सगळे तांबडे. हिरवा लागला तो तिच्याच वयाच्या एकट्या अवनीचा. अवनीचे बाबा, दाजी नाखवा, सैन्याच्या बाजूचे उमेदवार. अधिकारी शिपायांना घेऊन त्यांच्याकडे जेवायला असत. निवडून आले तर बेटाचा एकुलता एक धक्का ते सैन्याला देणार होते. मग गावाच्या होड्या लागणार कुठे? म्हणून त्यांच्याविरुद्ध रुंजीची तारामावशी उभी होती.

रांगेबाहेर बसलेल्या मावशीने अवनीच्या डोक्यावरून हात फिरवला. "धीराची गं माझी बाय!"

रुंजीचा जळफळाट झाला. "मावशी माझी आहे! आणि ही तर बाबांनाच मत देऊन आली असणार."

"घाबरट!" अवनी म्हणाली.

"गप गं दोघी," मावशी म्हणाली. "रुंजे, काटा खोटं बोलत नाही. पण भ्यालेल्यांची मतं गळली की उरतात ती कुणाची? आपण काटा केला, तेव्हा गुंड दाराबाहेर असेल असं धरलं होतं. तोच राखणदार होईल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

रुंजीने ऐकलंच नाही. तिला दिसत होता फक्त अवनीच्या केसांवरचा तो हात. ती तरातरा पुन्हा आत गेली. शिपायाकडे तिने पाहिलंही नाही. तळहात टेकवला, आणि हिरवा! मत्सराने मन इतकं भरलं होतं की भीतीला जागाच उरली नव्हती. आणि मत्सर ओळखायला मनकाट्याला कुणी शिकवलं नव्हतं.

'घे, मावशी!' असं मनात म्हणत तिचं बोट दाजींच्या नावाकडे गेलं. नखभर अंतरावर थांबलं. हे मत तरी माझं कुठे आहे?

ती मत न देताच बाहेर आली. अवनीसमोर उभी राहिली. "तुला त्या शिपायाची भीती का वाटत नाही, सांग ना."

अवनीने आधी नाक मुरडलं. मग हळूच म्हणाली, "तो? आमच्या अंगणात खेकडा आला की तो बाकावर चढतो, नि माझ्या आईला हाका मारतो!"

रुंजीला हसू फुटलं. सूर्य कलायला अजून वेळ होता; रांग मात्र लांबलचक होती. एवढंसं हसू किती जणांना पुरणार? ती रांगेतल्या पहिल्या आजोबांकडे गेली आणि टाचा उंचावून त्यांच्या कानाशी लागली.