चौकातला चोथा

सकाळी चौकीतला फोन वाजला तेव्हा नी आडनावाच्या हवालदारांचा एक बूट पायात होता, एक हातात. छ्यू आजींचा मुलगा बाओलिन बोलत होता. त्याची बायको आईला औषधच देत नव्हती म्हणे. निवृत्तीच्या तोंडावर नशिबी सासूसुनांची भांडणं यावीत, याचा नींना वीट आला होता. तरी निघाले.

आजींच्या पित्ताशयात खडे होते. वैद्यांनी काढा दिला होता. बाओलिन त्यासाठीच समुद्राकाठच्या कारखान्यातून रजा घेऊन सिचुआनला, घरी आला होता. आता तो बायकोची बॅग भरत होता. तिला माहेरी धाडायचं ठरलं होतं.

काढा उकळला की चोथा चौकात टाकायचा, येणारेजाणारे तो तुडवतात, दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं. सगळी गल्ली असंच करते. पण यांचा चोथा कुणालाच दिसत नव्हता. म्हणजे ती काढा करतच नाही, असं बाओलिनचं म्हणणं.

"रोज पहाटे टाकते, साहेब," सून म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता.

नींनी काढ्याचं मडकं हुंगलं. वास ताजा होता. चौकातल्या फरशीवर ओला तपकिरी डाग होता. आजींच्या दाराआड खराटा होता आणि त्याच्या काड्यांत उकडलेली पानं अडकली होती.

"आजी, घर कोण झाडतं?"

"सून."

"मग खराटा तुमच्या खोलीत कसा?"

नी दमून स्टुलावर टेकले.

"बॅग ठेव, बाओलिन. काढा होतो, चोथाही पडतो. कुणी तुडवायच्या आत तो झाडून घरी आणला जातो. दुखणं घरातच राहावं असं ज्याला वाटतं, तोच हे करेल."

नींनी आजींच्या पलंगाखालची टोपली ओढली. चोथ्यानं भरलेली.

"मी बरी झाले की हा निघून जाईल," आजी म्हणाल्या. "मग तोंड दिसणार ते नववर्षालाच."

"आणि सुनेवर आळ?"

"तो यानं घेतला. मी फक्त गप्प बसले."

बाओलिननं मान खाली घातली आणि बॅगेतले कपडे एकेक करून परत काढले. सुनेनं टोपली चौकात रिकामी केली. एवढा ढीग पाहून दोघेतिघे वळसा घालून गेले. नी मात्र ठणकणारे पाय ओढत सरळ चोथ्यातून चालले.

"साहेब, माझं दुखणं तुम्हाला लागेल," आजी दारातून म्हणाल्या.

"लागू दे, आजी. माझ्या घरी वाट बघणारं कुणी नाही."