बॅटरी नसलेला लॅपटॉप

"भोंगा कोणी बंद केला?"

आयुषने हे पोलिसांना विचारलं, धनराजशेठला विचारलं, दादाच्या फोटोलाही विचारलं.

सहादूतात्यांनी विडी विझवली. ओट्यावरची पोरं जवळ सरकली. "आयुष आपल्या नाशिक रोडचाच. माझ्या मांडीवर खेळलेला. ऐका."

आयुषचा थोरला भाऊ संघर्ष धनराजशेठकडे कॉम्प्युटरचं काम करायचा. त्याने एक लायब्ररी लिहिली होती, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला जोडता येणारा तयार कोड. विंडोज असो, लिनक्स असो, मॅक असो, मशीन किती तापलंय, त्यावर कोण बसलंय, ती बिनचूक सांगायची. तापमान नव्वदला गेलं की भोंगा वाजायचा. तो कोणी बंद केला तर त्याचं नाव सगळ्या मशीनवर नोंदलं जायचं.

सारख्या भोंग्याने गिऱ्हाईक बिथरतं म्हणून एके दिवशी तो बंद झाला. त्याच रात्री सर्व्हरच्या खोलीत आग लागली. संघर्ष आत होता.

"त्यानेच बंद केला," शेठ म्हणाले आणि ऑफिसातली सगळी मशीनं पुसून घेतली. राहिला संघर्षचा घरचा लॅपटॉप.

चौदा नोव्हेंबर, गुरुवार, रात्री पावणेबारा. शेठच्या निरोपावरून आयुष तो लॅपटॉप द्यायला गेला. फुगलेली बॅटरी त्याने आधीच काढून टाकली होती. शेठ नव्याने रंगवलेल्या सर्व्हरच्या खोलीत बसले होते.

"आणलास? शाब्बास. चार बुकं शिकला असतास तर भावाच्या खुर्चीत बसवला असता तुला."

"शेठ, भोंगा कोणी बंद केला?"

"किती वेळा सांगू रे? तुझ्या भावानं!"

स्क्रीन उजळली.

वापरकर्ता: संघर्ष. तापमान: ३१.

"चार्जिंग असेल," शेठ हसले. आयुषने लॅपटॉप उलटा करून बॅटरीची रिकामी खाच दाखवली; चार्जरची वायरही जोडलेली नव्हती.

५८.

७४.

खाली आणखी एक ओळ उमटली. भोंगा बंद करणारा: धनराज.

शेठनी लॅपटॉप मिटायला हात पुढे केला, आयुष दाराकडे मागे सरकला.

८९. जळक्या वायरीचा वास. धूर मात्र नाही.

"आयुष... पोरा... दार..."

आयुष उंबऱ्याबाहेर उभा होता.

तात्यांनी नवी विडी पेटवली.

"सकाळी शेठ कोपऱ्यात सापडले. जिवंत, पण वाचा गेलेली. भिंतीवर साधा डागसुद्धा नाही. लॅपटॉप चालूच होता. त्यावर लिहिलेलं... वापरकर्ते: दोन. संघर्ष, धनराज."

"पण तात्या, शेठ पळाले का नाहीत?" पोरांतल्या शुभांगीने हळूच विचारलं.

"बाहेरून कडी होती."

"कोणी घातली?"

तात्यांनी विडी ओट्यावर चिरडली.

"आयुषनं. दादासाठी त्याने केलेलं शेवटचं काम."