बिनदाराची चौकट

बागेचं काम घेतलं की मी आधी कागद-पेन्सिल काढत नाही. घरच्या माणसांना विचारते, सकाळचा चहा कुठे बसून पिता? तेवढ्यावरून मला अर्धी बाग कळते. पेठच्या एका निवृत्त गुरुजींना पारिजातकाखाली पेपर वाचायचा होता. आळे गावातल्या एका ठेकेदाराला तोंडातून पाणी सोडणारे दोन सिंह हवे होते, आणि मी कितीही नाकं मुरडली तरी ते मला बसवावे लागले. ज्याची त्याची हौस! आळेफाट्याला माझी नर्सरी होती आणि तेव्हा त्या भागात नवे बंगले भराभर उठत होते. लोक मला झाडवाल्या ताई म्हणायचे. आरती हे नाव फक्त लाइटबिलावर उरलं होतं.

माझी दुसरी सवय अशी, की बाग पुरी झाली की मालकाला सोपवण्याआधी एकदा दिवेलागणीला मी तिथे एकटी बसायची. दिवसा सगळ्याच बागा चांगल्या दिसतात. पाणी कुठे साचतं, पाय कशाला अडखळतो, ते उजेड जाताना कळतं. ओझरच्या कामानंतर ही सवय मी सोडून दिली. का सोडली, ते सांगते. आधी ती खिडकी जरा ओढून घे.

सुदर्शन आणि हर्षालीचा बंगला ओझरच्या अलीकडे, त्यांच्या द्राक्षबागेच्या कडेला होता. साल २००५. घरात नवरा-बायको दोघंच. हर्षालीला दिवस भरत आले होते आणि तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच व्हायचं होतं. माझ्या नेहमीच्या प्रश्नावर ती म्हणाली, "चहाचं जाऊ द्या ताई. बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन बसता येईल असं अंगण द्या. आई असती तर तिच्याच अंगणात जाऊन बसले असते."

मला भरून आलं. त्या कामात मी जरा जास्तच जीव ओतला. मागच्या व्हरांड्यापुढे शहाबादी फरशीचं छोटं अंगण, त्यापुढे बाग, आणि दोन्हींच्या मध्ये एक जुनी सागवानी चौकट उभी केली. नुसती चौकट, दार नाही. तिच्यावर जुई चढवायची होती. चौकट म्हटली की उंबरा आलाच. तो मी बहिरूकडून आणला.

बहिरू तिकडे पश्चिमेला, धरणाच्या वरच्या अंगाला राहायचा. त्याचं जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की घरांची जोती उघडी पडायची आणि तिथले घडीव दगड काढून तो विकायचा. त्याच्याकडची उखळं मी नेहमी नेत असे, कारण बंगलेवाल्यांना उखळात कमळ लावायची भारी हौस. त्या मे महिन्यात त्याने मला एक उंबरा दाखवला. काळा दगड, पायांनी झिजून मधोमध खोलगट झालेला. एका टोकाला लोखंडी खिळा ठोकलेला होता आणि त्याचा गंज दगडात उतरला होता.

"ह्यो आमच्याच घरचा," बहिरू म्हणाला. "न्या ताई. पान्यात पडून ऱ्हाण्यापरीस कुनाच्या दारात तरी ऱ्हाईल."

उंबरा बसवला त्या दिवशी सुदर्शन शेजारीच उभा होता. त्याने खिळ्यावर अंगठा दाबून पाहिला. "हा काढून टाका. उद्या पोरगं रांगाय लागलं की हाताला लागंल."

बापाचं काळीज. बाळ जन्मायच्या आधीच त्याला त्याची जखम दिसत होती. जानकू गवंड्याने छिन्नी घातली. खिळा लवकर निघेना, आणि निघाला तेव्हा भोकातून तांबूस पाणी झिरपायला लागलं. धरणाचं मुरलेलं असेल, असं म्हणून आम्ही वर सिमेंट भरलं. खिळा जानकूने अवजारांच्या पिशवीत टाकला, कारण लोखंड फेकायचं त्याच्या जिवावर येतं.

पुढे हर्षालीला मुलगा झाला. बारसं झाल्यावर एका संध्याकाळी मी बाग सोपवायला गेले. सुदर्शन औषध आणायला नारायणगावला गेला होता. हर्षाली बाळाला घेऊन वरच्या खोलीकडे निघाली होती, ती जिन्यात थांबली.

"ताई, उंबऱ्याला रोज सकाळी हळदकुंकू तुमचा माणूस लावतो का?"

"माझा माणूस? त्याला झाडांना पाणी घालायची आठवण करावी लागते. तुझ्या झुंबरबाई लावत असतील." झुंबरबाई म्हणजे बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई.

"त्या नाही म्हणतात." ती जरा घुटमळली. "आणि धुरीचा वास... आम्ही धुरी वर खोलीत देतो. वास खालून, बागेतून येतो."

ओली बाळंतीण आहे, झोप नाही, असं मनाशी म्हणत मी मागे गेले. उंबरा मात्र खरोखरच धुतलेला होता. त्यावर हळदीची दोन बोटं, कुंकवाची दोन बोटं, बागेच्या बाजूने ओढलेली. बाहेर उभं राहून कुणी आतल्या घराचा उंबरा पुजावा, तशी.

मी पलीकडे जाऊन बागेतल्या दगडी बाकावर बसले. पाऊस थांबला होता. झाडांखालचा उजेड विझत चालला होता. तेवढ्यात रोजच्याप्रमाणे लाइट गेली आणि द्राक्षबागेतली मोटर बंद पडली. मोटरीचा आवाज थांबल्यावर एकदम केवढी शांतता झाली! त्या शांततेत ओवा आणि शेपा जळल्याचा वास आला. दाट, ऊबदार. मग काकणांची बारीक किणकिण, आणि ओल्या दगडावरून तळहात फिरवल्यासारखा आवाज.

चौकटीत काहीतरी काळसर होतं. उंबऱ्यावर कुणीतरी बसलं होतं. लागलीच दुसरा आवाज आला. चुटुचुटु, चुटुचुटु. बाळ अंगावर पीत होतं.

मला हायसं वाटलं. खाली आली वाटतं, म्हणून मी हळूच रागावले. "हर्षाली, तिन्हीसांजेला असं बाळाला घेऊन बाहेर बसतात का गं? वारं लागेल."

"हूं," चौकटीतून आलं.

"आणि उंबऱ्यावर बसू नये. आत जा बघू."

नुसतं चुटुचुटु. इतक्यात वरच्या खोलीची खिडकी उघडली आणि हर्षालीचा घाबरा आवाज आला.

"ताई... माझा डोळा लागला होता... बाळाला तुम्ही घेतलंत का?"

बॅटरी पर्समध्ये होती, ती कशीबशी काढून मी चौकटीवर धरली. तिथे कुणी नव्हतं. उंबऱ्याच्या खोलगट भागात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ शांत झोपलं होतं. त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात दूध होतं.

सुदर्शन आल्यावर माझ्यावरच भडकला. बाळ तुम्हीच उचलून आणलंत, असं तोंडावर म्हणाला. मी तरी काय सांगणार होते? हर्षाली बाळाला छातीशी घट्ट धरून बसली होती. ती म्हणाली, "ताईंनी नाही. मला माहीत आहे, ताईंनी नाही."

दुसऱ्या दिवशी मी बहिरूचं घर गाठलं. उंबऱ्याचं नाव काढताच त्याने पहिला प्रश्न केला.

"खिळा हाय ना जागेवर?"

काढला म्हटल्यावर तो मटकन खाली बसला. "भावजय व्हती माझी. बाळंतपनात गेली. पोरगं बी गेलं. तिची तिरडी भायेर काढली आन् आमी उंबऱ्यात घोड्याच्या नालेचा खिळा ठोकला. अशी बाई लेकरासाठी माघारी येती ना... खिळा आसला की तिला उंबरा वलांडता येत न्हाई. लई वरसं ती दारातच ऱ्हायली. मग पानी आलं. मला वाटलं, संपलं."

"दगड परत आणते मी."

"कुठं आनता? धरान भरलंय. जागाच न्हाई आता." त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्योच खिळा त्याच भोकात ठोका. पर ताई... ती भायेर आसताना ठोका. आत आसली, तर आतच ऱ्हाईल."

"ते कळायचं कसं?"

बहिरूने नुसते कानाला हात लावले.

जानकूच्या पिशवीत खिळा सापडला. भर दुपारी आम्ही सिमेंट फोडून तो पुन्हा ठोकला. रात्रभर पावसाने उंबरा धुऊन निघाला होता. हळदकुंकू कुठल्या बाजूने होतं की नव्हतं, काही समजायला मार्ग नव्हता. बहिरूने सांगितलेलं मी दोघांच्याही कानावर घातलं होतं. सुदर्शन हात बांधून बघत होता, पण या वेळी तो खिळ्याला नको म्हणाला नाही.

त्यानंतर उंबरा कधी ओला दिसला नाही. बागेतला वासही गेला. जुई चौकटीच्या माथ्याला पोचली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी गेले. अंगणात कोवळं ऊन पडलं होतं आणि हर्षाली बाळाला घेऊन, तिला हवी होती तशीच, बसली होती. बाळ चांगलं गुटगुटीत झालं होतं. ती मात्र अगदी वाळून गेली होती. मी बाळाला मांडीवर घेतलं.

"काय गं, सगळं दूध यालाच पाजतेस वाटतं!" मी चेष्टेने म्हटलं.

ती हसली नाही. व्हरांड्याकडे एकदा पाहून खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही खिळा ठोकलात ना ताई, त्या दिवसापासून हा माझ्या अंगावर पीत नाही. बाटली ढकलून देतो. डॉक्टर म्हणतात, वजन छान आहे, काळजी नको."

माझी नजर बाळाच्या मनगटावरच्या वळ्यांवर गेली.

"रात्री पिताना ऐकू येतो. माझ्या शेजारीच... मी कूस बदलत नाही. डोळे मिटून पडून राहते." तिने माझा हात धरला. तिची बोटं गार होती. "खिळा काढला तर ती जाईलही. पण मग माझ्या बाळाला पाजणार कोण? तुम्हीच सांगा ताई, काढू का?"

मांडीवरच्या बाळाने मान वळवली. व्हरांड्याच्या अंधाऱ्या दाराकडे पाहून ते ओळखीचं हसलं, आणि ओठ चुटुचुटु हलवायला लागलं.