जुनी बॅटरी नवीला जोडू नये

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या काकांच्या बाबतीत घडलेली आहे. आणि काका म्हणजे भुताखेतांचा विषय निघाला की उठून पंख्याला तेल घालायला जाणारा माणूस. ते अशी गोष्ट रचून सांगतील, हे मला पटत नाही.

पावसाळी संध्याकाळ होती. तळ्याकाठी गाड्या लावायचा मोकळा तळ, आणि त्यावर एकच गाडी.

काकांची.

काका जन्मभर बस डेपोत इलेक्ट्रिशियन होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी कॅम्पर व्हॅन घेतली. आत पलंग, शेगडी, फ्रिज, सगळा संसार. पण तोवर काकूंची फुप्फुसं थकली होती. आडवं पडलं की नाकात नळी घालून ऑक्सिजनचं मशीन लावावं लागायचं. मशीन बंद पडलं तर थोड्याच वेळात त्यांचे ओठ निळे पडत.

म्हणून काकांचा सगळा जीव पलंगाखालच्या दोन बॅटऱ्यांत.

येईल त्याला धरून ते शिकवायचे. "गाडी सुरू करायची बॅटरी म्हणजे दोन मिनिटांचा पैलवान. आपल्याला हवा ओझं घेऊन दिवसभर चालणारा. डीप सायकल! तिला अर्ध्याच्या खाली उतरवायची नाही, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं. आणि जोडी घ्यायची ती एकाच वयाची. जुनी नवीला जोडली की जुनी नवीला पिऊन टाकते."

काकू म्हणायच्या, "माझ्या वाढदिवशीसुद्धा हेच सांगतात."

आणि हाच नियम काकांनी स्वतः मोडला.

निघायच्या आदल्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या गेल्या. दुकानात तशी नवी एकच मिळाली. दुसरीला आठवडा लागेल म्हणाले. पण काकूंनी तळ्याचा ध्यास घेतला होता. "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन," असं त्या एकदाच म्हणाल्या होत्या, आणि ते काकांच्या मनातून जात नव्हतं.

शेवटी भंगारवाल्याने एका म्हाताऱ्याचा पत्ता दिला. त्याच्याही अंगणात अशीच एक व्हॅन उभी होती. त्याने एक जुनी बॅटरी स्वतः उचलून आणली, फडक्याने पुसली, काकांच्या हातात दिली. पैसे घ्यायला तयार होईना.

"पाणी बघत जा," तो म्हणाला. मग थोडं थांबून... "बंद पडू देऊ नका हं."

काकांना वाटलं, म्हाताऱ्याला वस्तूंची माया असते.

तळ्यावर दुसऱ्या दिवशीही पाऊस थांबला नाही. छपरावरचं सोलर पॅनल नावापुरतं. अंधार पडता पडता काकू आडव्या झाल्या. काका पुढच्या सीटवर बसून चहा पीत होते. मागे मशीनची लय चालू होती.

फुस्स... टक.

फुस्स... टक.

आणि मधल्या शांततेत...

अजून एक फुस्स.

काकांना आधी वाटलं, पत्र्याचा प्रतिध्वनी. सवयीने त्यांनी मीटरकडे पाहिलं. काकूंचं मशीन पाच अँपिअर घेतं, हे त्यांना झोपेतही माहीत होतं.

मीटर दहा दाखवत होतं.

त्यांनी फ्रिज बंद केला. दिवा बंद केला. पाण्याचा पंप बंद केला. मग टॉर्च तोंडात धरून मशीनचा सोडून सगळे फ्यूज उपटले.

दहा.

बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली होती. इंजिन चालू करून चार्ज करावं म्हणून त्यांनी किल्ली फिरवली. नुसती टिक. इंजिनची बॅटरी पलंगाखालच्या बॅटऱ्यांना जोडणारा स्विच त्यांनी दुपारी चालू केला होता आणि बंद करायला विसरले होते. डेपोतल्या पोरांना ते ज्याच्यासाठी शिव्या घालायचे, तीच चूक. इंजिनची बॅटरीही रिकामी झाली होती.

फोनला रेंज नव्हती. तळाचा रखवालदार संध्याकाळीच पलीकडच्या काठावर घरी गेला होता. काकूंना चालवत नेणं शक्य नव्हतं, एकटं सोडून जाणं तर त्याहून नाही.

मग त्यांना आपलाच नियम आठवला. जुनी नवीला पितेय. दुसरं काही नाही.

त्यांनी पलंगाखालची फळी काढली आणि जुन्या बॅटरीची वायर सोडवली.

मीटर झर्रकन पाचवर आलं. काकांनी सुटकेचा श्वास सोडला.

आणि तेवढ्यात... दुसरा श्वास अडकला.

घशात घरघर लागली. काकूंचं मशीन काढलं की लागते तशीच, पण ती काकूंची नव्हती. पलंगावर काका स्वतः झोपायचे त्या बाजूने येत होती. तिथे कोणी नव्हतं. फक्त उशी...

उशी मधोमध दबलेली होती.

काकूंनी डोळे उघडले.

"अहो, तिचं का काढलंत?"

"कुणाचं?"

काकूंनी स्वतःच्या नाकातली नळी काढली आणि त्या रिकाम्या उशीवर धरली.

"अगं, घाल ती. घाल आधी."

"तिला गुदमरतंय हो. तुम्हाला ऐकू येत नाही?"

येत होतं. तेच तर वाईट होतं. काकांनी नळी परत त्यांच्या नाकात घालायला पाहिलं, काकूंनी मान फिरवली. असल्या आजारी बाईच्या अंगात एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. त्यांचे ओठ निळे पडायला लागले, तरी हात उशीवरच. दोन्ही बाजूंनी घरघर, आणि मधे काका, हातात पाना घेऊन. मला हे सांगताना ते रडले होते.

त्यांनी वायर परत जोडली.

घरघर थांबली. काकूंनी नळी नाकात घातली आणि लहान मुलासारख्या झोपून गेल्या.

मीटर दहावर.

पुढे काकांच्या हातात काहीच नव्हतं. ते मीटरसमोर बसून राहिले. तीस टक्के. वीस. आठ. अख्खी हयात विजेत घालवलेल्या माणसाने शेवटी मीटरला हात जोडले.

शून्य.

मशीन बंद पडायला हवं होतं.

पडलं नाही.

फुस्स... टक. आणि मधे दुसरा. रिकाम्या बॅटऱ्यांवर दोघी उजाडेपर्यंत श्वास घेत होत्या. सकाळी रखवालदाराने आपल्या गाडीला वायरी जोडून इंजिन चालू करून दिलं. काकू उठून तळं बघत बसल्या. रात्रीबद्दल त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "छान झोप लागली."

परत आल्यावर काका त्या म्हाताऱ्याकडे गेले. घराला कुलूप होतं. बॅटरी दिली त्याच आठवड्यात तो वारला होता. बायकोला जाऊन बरीच वर्षं झाली होती, असं शेजारी म्हणाले. तीही मशीनवरच असायची.

काकांनी ती बॅटरी काढली नाही. हिंमतच झाली नाही.

थंडीत काकू गेल्या. हॉस्पिटलमध्ये, आम्ही सगळे जवळ असताना. त्यात बॅटरीचा काही संबंध नव्हता. मशीन भाड्याचं होतं, ते परत केलं. दिवस गेले, आणि एके दुपारी काका मन घट्ट करून व्हॅनमध्ये शिरले. आता दोन्ही बॅटऱ्या मोडीत द्यायच्या.

आत काहीही चालू नव्हतं. जोडायला मशीनच नव्हतं.

त्यांनी मीटर पाहिलं. पाच असेल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

दहा होतं.

त्या दिवसापासून अंगणातल्या व्हॅनला घरातून वायर आहे आणि चार्जर कायम चालू असतो. काका गावाला जात नाहीत. लग्नाकार्याला येत नाहीत. आम्ही समजावतो, डॉक्टर सांगतात. ते ऐकून घेतात आणि पाणी बघायला उठतात.

गेल्या महिन्यात मी गेलो तेव्हा त्यांनी मला व्हॅनमध्ये नेऊन बॅटऱ्यांची झाकणं उघडून दाखवली. "प्लेटा बुडतील एवढंच पाणी. नळाचं चुकूनही नाही."

"काका, मला यातलं काही कळत नाही."

"शिकशील." मग थोडं थांबून... "माझ्यानंतर तू बघशील ना? बंद पडू देऊ नकोस हं."

मी हो म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना.

बाहेर पडताना मी दारात क्षणभर थांबलो. थांबायला नको होतं. आत पलंगावर दोन उशा होत्या, आणि...

दोन श्वास. एक अनोळखी. दुसरा ऐकत मी लहानपणी सुट्टीत काकूंकडे किती दुपारी झोपलो होतो.

आता कुठेही वीज गेली की मी आधी काकांना फोन लावतो.