अळणी युद्ध

चौथ्या वर्षीही मिठागरात मीठ पिकलं नाही. भर दुपारी आकाश दुधाळ, सावल्या फिकट. धर्माजी म्हात्रेंनी वाफ्यातलं पाणी चाखलं आणि थुंकून टाकलं.

"तू तं आभालाची डाक्तरीण," ते लेकीला म्हणाले. "सांग, ऊन कदी येल गो?"

डॉ. चंद्रिकाला उत्तर ठाऊक होतं. पृथ्वी निववायला दोन महासत्तांनी उंच आकाशात बारीक धूळ सोडली होती. हे धूळछत्र ऊन परतवून लावी. पण धूळ एकाएकी थांबली, तर दबलेली उष्णता उसळून शेतं करपणार होती. एक मोळी दोघांनी डोक्यावर घ्यावी आणि दोघांनीही "सोडतो बघ" म्हणून दम द्यावा, तसं चाललं होतं. समोरचा सोडेल या भीतीनं प्रत्येक जण आपली धूळ वाढवत होता. गोळी एकही सुटली नव्हती. सुटका मात्र पुढची चाळीस वर्षं नव्हती.

बापाच्या चेहऱ्याकडे बघून तिला ते बोलवेना. "पुढच्या वैशाखात उघडेल, बाबा."

धर्माजी खुलले. "मंग तवर अळणी खाईन. माल्यावरचं मीठ संपलं. आपले घरान इकतचं मीठ कदी आलं नाय, ना मी आनायचा नाय."

तिला वाटलं, म्हातारा चार दिवसांत वळणावर येईल. पुण्याला कामावर परतल्यावर ती रोज फोन करी. "जेवलास?" "जेवलू गो." रोज बांधावर घाम गाळून धर्माजी अळणी भातच जेवत होते. चैत्रात ते बांधावरच कोसळले. रक्तातलं मीठ पार उतरलं होतं, डॉक्टर म्हणाले. फार उशीर झाला होता.

गावात आलेल्या बातमीदारानं मथळा दिला: 'अळणी युद्धाचा पहिला बळी'. आठवड्यात महासत्तांच्या या ओढाताणीला जगभर तेच नाव पडलं. दोन्ही महासत्तांचे पुढारी भाषणांत ते सफाईनं वापरू लागले.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. तासभर गेला.

"ऊन येल म्हन गो," चुलती रडत म्हणाली. "तेचा जीव मिठात अरकलाय. शब्द दे, शिवल."

चंद्रिकानं हात जोडले. एकदा खोटं बोलून तिनं बाप घालवला होता. शब्द न देताच तिनं हात खाली घेतले.

कावळा फांदीवर तसाच बसून राहिला.