तीन पडद्यांवरचा आळ

"पुन्हा गेलं. तिन्ही पडदे काळे," श्रीधर गद्रे फोनवर म्हणाले. "तुम्ही आत्ताच्या आत्ता या. आणि एक सांगून ठेवतो, संध्याकाळी मी त्या पोरीला घरी पाठवणार आहे."

पूर्णिमा भुयारनं पोह्यांची बशी अर्धीच बाजूला सारली आणि स्कूटर काढली. मूळची अमरावतीची, पण पुण्यात येऊन तिला आता बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्यांनी हात टेकलेले संगणक तिच्याकडे यायचे. गद्र्यांना ती ओळखत होती. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की ते मागे घेणं म्हणजे आपलं नाक कापून देणं, अशी त्यांची समजूत होती. आणि आज ते काय बोलून बसले असतील, याचीच तिला काळजी लागली.

गद्र्यांचं ऑफिस सदाशिव पेठेत, एका गणिताच्या क्लासच्या वर. विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे बनवायचं काम. सध्या खडकवासल्याच्या कालव्याचे नकाशे चालू होते आणि ते आज संध्याकाळपर्यंत पोचवायचे होते. चार मशीन, प्रत्येकाला तीन पडदे. एकावर फोटो, मधल्यावर नकाशा, उजवीकडच्यावर उंचीचे आकडे. गेल्या वर्षी या चारही मशीनवरची जुनी सिस्टीम काढून लिनक्स बसवलं ते आम्रपाली गजभियेनं. नागपूरची पोरगी, पहिलीच नोकरी, अजून कायम झालेली नव्हती. आणि आता दसऱ्यानंतर तीन नंबरचं मशीन एकाएकी मान टाकायला लागलं होतं. दर वेळी केलेलं काम वाया.

"त्या मशीनवर कोण बसतं?" पूर्णिमानं खुर्ची ओढत विचारलं.

"सुदर्शन मुळे. आमचा सगळ्यांत जुना माणूस."

"आणि काढताय आम्रपालीला. ते का?"

"का म्हणजे? तिनं अष्टमीच्या संध्याकाळी कसलंसं अपडेट टाकलं आणि गेली नागपूरला. खंडेनवमीच्या पूजेला आख्खं ऑफिस हजर, ही सोडून. आली ती थेट दसरा झाल्यावर, आणि त्याच दिवशी मशीन पडलं." गद्र्यांनी चष्मा काढून पुसला. "मग मी बोललोच सगळ्यांसमोर. म्हटलं, जे यंत्रापुढे हात जोडत नाहीत त्यांच्या हाताला यश नसतं."

"अपडेट हात जोडून टाकलं असतं तर चाललं असतं का?" पूर्णिमानं विचारलं.

गद्र्यांनी चष्मा चढवला. पूर्णिमाच्या डोक्यात तिडीक गेली होती, पण भांडण मागाहून करता येतं. आधी मशीन.

आम्रपालीला त्यांनी फोन घ्यायला बाहेरच्या टेबलावर बसवलं होतं. संगणकाला हात लावायची बंदी. रात्रभर झोप नसावी, डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"पूजेला का नव्हतीस?" पूर्णिमानं विचारलं.

"दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातो आम्ही, ताई. आजोबांपासून. रजा मागून घेतली होती, सरांनीच सही केली." ती खाली बघत म्हणाली. "आई नागपूरची खोली सोडून या आठवड्यात इकडे येतेय. कायमची. तिला अजून काहीच सांगितलं नाही मी."

"अपडेट कसलं होतं?"

"ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचं. पडद्यांवर चित्र उमटवणारं जे कार्ड असतं, त्याला चालवणारा प्रोग्राम."

"चारही मशीनवर टाकलंस?"

"हो, एकदमच."

"बाकीची तीन?"

"ठणठणीत आहेत. तीन नंबरवरचं अपडेट मी काढूनसुद्धा पाहिलं. जुना ड्रायव्हर परत घातला. तरी पडलं."

"हे गद्र्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, आता सारवासारव नको."

"मशीन बाहेर काढून मागचं पाहिलंस का?"

"सुदर्शनसर काढू देत नाहीत. म्हणतात, हलवलंस तर आहे तेही जाईल."

पूर्णिमा आत गेली. सुदर्शन मुळे मशीन पुन्हा चालू करून कामाला लागला होता. पन्नाशीचा, नीटनेटका, सदऱ्याची इस्त्री मोडू न देणारा माणूस. शेजारच्या स्टुलावर चहाचा पेला ठेवलेला.

"मुळेसाहेब, हे नेमकं कधी पडतं?"

"काही नेम नाही हो त्याचा."

"आज?"

"सरांनी केबिनमध्ये बोलावलं होतं. परत आलो, माऊस हलवला, तर तिन्ही पडदे गेले."

"काल?"

"काल नाही पडलं."

"आणि परवा?"

"परवा जेवून आलो तेव्हा." बोलता बोलता त्याचा उजवा हात माऊसवर गेला, माऊस जरासा हलला, हात परत आला.

"काम चालू असताना, हात फिरत असताना कधी पडलंय?"

मुळे विचारात पडला. "तसं नाही आठवत."

"दसऱ्याच्या आसपास मशीनला कोणी हात लावला होता?"

"कोणीही नाही."

मागे येऊन उभे राहिलेले गद्रेही म्हणाले, "छे, कोण लावणार? दसऱ्याला तर ऑफिस बंद होतं."

फरशी पुसणाऱ्या कुसुमताईंना विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात वर केले. "मी त्या वायरींच्या वाटेला जात नाही बाई. मी आपली पुसते, आणि ह्यांचा चहा इथं आणून देते. आधी सगळे गॅलरीत प्यायचे. आता मुळेसाहेब काही जागचे उठत नाहीत."

"कामाचा रेटा आहे," मुळे म्हणाला आणि पुन्हा माऊस हलवला.

पूर्णिमा तीन पडद्यांकडे बघत राहिली. डावा आणि मधला पांढराशुभ्र. उजव्यावरचा पांढरा रंग मात्र पिवळट, आणि अक्षरं जरा जाड.

"हा असा का?"

"जुना झालाय तो पडदा," मुळे म्हणाला.

"तिन्ही एकाच दिवशी घेतले होते," दारातून आम्रपालीचा आवाज आला. "दसऱ्याआधी तो असा नव्हता."

"तुला बाहेर बसायला सांगितलंय ना?" गद्रे म्हणाले. ती गेली.

पूर्णिमानं ओढणी कमरेला खोचली आणि सरळ टेबलाखाली शिरली. संगणकाचा डबा एका लाकडी कप्प्यात बसवलेला होता, पाठ भिंतीकडे. वर फळी इतकी जवळ की बोटसुद्धा जेमतेम शिरेल. तिनं मोबाईलचा दिवा त्या फटीत धरला. डब्याच्या माथ्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक होतं. अगदी रेखीव, चारही ठिपक्यांसकट.

ती बाहेर आली आणि उरलेल्या तिन्ही मशीनखाली वाकून आली. तिथं पुढच्या बाजूला कुंकवाचं एकेक बोट तेवढं टेकवलेलं. माथे कोरे.

तिनं हात झटकले. "मुळेसाहेब, उठा जरा. गॅलरीत चला. सगळेच चला."

"नकाशे संध्याकाळी द्यायचेत," मुळे म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि वर पंखा गरगरत होता.

"म्हणूनच म्हणते."

सगळे गॅलरीत उभे राहिले. खाली क्लास सुटला, पोरांचा गलका झाला आणि विरला. आत, कोणी हात लावत नाही म्हटल्यावर, तिन्ही पडदे एकापाठोपाठ एक झोपी गेले. मग पूर्णिमानं आम्रपालीला बोलावलं आणि माऊस हलवायला सांगितला.

पडदे क्षणभर उजळले, थरथरले आणि काळे झाले.

"बघा," गद्रे म्हणाले. "हिनं हात लावला आणि पडलं."

"सकाळी मुळ्यांनी लावला तेव्हाही पडलंच होतं," पूर्णिमा म्हणाली. "आता मशीन बाहेर काढा. आणि कोणीही जाऊ नका."

डबा कप्प्यातून ओढून टेबलावर आला, पाठ सगळ्यांकडे करून. पूर्णिमानं पर्समधून चिमटा काढला.

"हे खालचं चित्रांचं कार्ड. याला तीन भोकं आहेत, तीन पडद्यांच्या वायरींसाठी. दोनांत वायरी आहेत, तिसरं रिकामं. मग तिसरी वायर कुठं गेली? ती ही वर, संगणकाच्या मूळ बोर्डाच्या भोकात. या बोर्डालाही थोडंफार चित्र काढता येतं, म्हणून पडदा दिसतो. पण त्याचा चालवणारा वेगळा, कार्डाचा वेगळा. म्हणून तो पडदा पिवळट. काम चालू आहे तोवर दोघं आपापलं बघतात. पडदे झोपले आणि पुन्हा जागे करायची वेळ आली की या मशीनवर दोघांचा मेळ बसत नाही, आणि सगळंच कोसळतं. म्हणून हे केबिनमधून परतल्यावर पडतं, जेवणानंतर पडतं, काम करताना नाही. अपडेटचा दोष असता तर चारही मशीन पडली असती, आणि अपडेट काढल्यावर हे थांबलं असतं."

"पण वायर हलवली कोणी?" गद्रे म्हणाले. "मशीनला तर कोणी हात लावला नव्हता."

"नक्की? डब्याच्या माथ्यावर स्वस्तिक आहे. त्या कप्प्यात माझं बोट जात नाही, तिथं ते काढलं कसं?"

गद्र्यांनी माथ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"पूजेला चौरंगावर हेच मशीन होतं," ते सावकाश म्हणाले. "चारही कुठं मांडणार, म्हणून सुदर्शनचं घेतलं. मी स्वतः पूजा केली."

"आणि मला सांगितलंत, कोणी हात लावला नाही. तुम्ही खोटं बोलला नाहीत. पूजा करणं म्हणजे मशीनला हात लावणं, हे तुमच्या डोक्यातच आलं नाही. कुसुमताईंच्याही नाही." तिनं कार्डाच्या रिकाम्या भोकात चिमटा घातला, जरा फिरवला आणि बाहेर काढून गद्र्यांच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवानं लाल झालेला.

"अक्षता वाहिल्यात ना? एक आत गेली. मग वायर बसेना. बसेना म्हणून वरच्या भोकात घातली, चित्र आलं, काम झालं. वायरी काढल्या-लावल्या कोणी?"

गद्र्यांनी मान वळवली. ते मुळ्यांकडे बघत होते.

"चूक कोणाच्याही हातून होते," पूर्णिमा म्हणाली. "पण मुळेसाहेब, तुम्हाला हे कळलं होतं. मी आल्यापासून तुम्ही माऊस हलवताय. पडदे झोपू नयेत म्हणून चहा जागेवर मागवताय. काल मशीन पडलं नाही, कारण काल तुम्ही त्याला झोपूच दिलं नाहीत. आज सरांनी आत बोलावलं आणि घात झाला. आणि आम्रपालीला तुम्ही डबा बाहेर काढू दिला नाहीत, कारण तिला तो बघता क्षणी समजलं असतं."

मुळे खुर्चीवर बसला. इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता.

"पहिल्यांदा पडलं तेव्हा खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा पडलं तेव्हा डबा जरा ओढून मागे पाहिलं आणि आठवलं. तोवर सर बोलून गेले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मीसुद्धा." तो थांबला. "जुन्या सिस्टीमवर माझी सगळी उमर गेली. हिनं येऊन ती काढून टाकली, आणि मी पन्नाशीत हिच्याकडून शिकायला बसलो. वाटलं, जाते तर जाऊ दे."

पूर्णिमाला त्याची कीव आली आणि त्या किवेचाच राग आला. तिनं तिसरी वायर कार्डात बसवली, मशीन चालू केलं, पडदे मुद्दाम झोपू दिले आणि जागे केले. तिन्ही पांढरेशुभ्र. तेच तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं. मशीन एकदाही पडलं नाही.

"सुदर्शन, तुझ्याशी मी उद्या बोलतो," गद्रे म्हणाले. मग घसा खाकरून आम्रपालीकडे वळले. "चला, मिटलं म्हणायचं. तू बस आता, नकाशे संपव. तुझं कायम करायचंही बघतो मी या आठवड्यात."

आम्रपाली बसली नाही.

"सर, तुम्ही बोललात ते सगळ्यांसमोर बोललात."

"अगं, ते आपलं सहज."

"माझ्या हाताला यश नाही म्हणालात. ते ऐकलेले सगळे आत्ता इथं आहेत."

गद्र्यांनी पूर्णिमाकडे पाहिलं. ती वायरी गुंडाळत होती आणि तिनं मान वर केली नाही. मग त्यांनी कुसुमताईंकडे पाहिलं, दारात जमलेल्या बाकीच्यांकडे पाहिलं.

"मशीन आपल्या पूजेमुळे पडत होतं," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की मागच्यांना पुढं सरकावं लागलं. "आम्रपालीमुळे नाही. मी बोललो ते बोलायला नको होतं."

कोणी मान डोलावली नाही. ज्यांनी आधी डोलावली होती, ते आपापल्या मशीनकडे गेले.

आम्रपालीनं खुर्ची पुढं ओढली. संध्याकाळ व्हायला फारसा वेळ उरला नव्हता आणि कालव्याचा शेवटचा तुकडा बाकी होता. तिनं पासवर्ड टाकला. तो चुकला. तिनं दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले, जरा वेळ तशीच बसली आणि मग पुन्हा टाकला.